पाठीमागचे हात

बागेतल्या झाडाखाली नवरी आणि तिच्या पाच मैत्रिणी उभ्या होत्या. ऊन उतरायच्या आत मला त्यांचा एक धड फोटो हवा होता, पण पाचही जणी नवरीला खेटून उभ्या आणि प्रत्येकीचा एक हात नवरीच्या पाठीमागे गायब. "जरा मोकळ्या उभ्या राहा गं," मी तिसऱ्यांदा म्हटलं. सगळ्या खुदकन हसल्या, पण तसूभरही हलल्या नाहीत. वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतेय, पण असं गौडबंगाल कधी पाहिलं नव्हतं. मला राहवेना. कॅमेरा घेऊन मी सरळ मागे गेले. ड्रेसची चेन तुटली होती आणि पाच हातांनी तो पाठीवर आवळून धरला होता. "दुसरा ड्रेस नाही का?" मी विचारलं. "आहे," नवरी म्हणाली, "पण हा आईच्या लग्नातला. आई हल्ली मला ओळखत नाही. सकाळी हा ड्रेस मात्र तिने लगेच ओळखला." तेवढ्यात पाहुण्यांच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून तिची आई उठून आमच्याकडे आली. तिने ड्रेस पाहिला, पाच हात पाहिले. "कुणाची गं ही पोर?" तिने मला विचारलं. नवरीच म्हणाली, "तुझीच, आई." आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "असं होय?" ती म्हणाली आणि मैत्रिणींच्या मध्ये शिरली. "मग सरका गं जराशा, मलाही धरू द्या." तो फोटो मी मागूनच काढला.