चढाला तापणारी गाडी

बसा, तुमची गाडी नंतर बघू. जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद वाढवावी का, म्हणताय ना? मग आमच्या एमरिसचं ऐका.

त्याची जुनी दोन सीटची गाडी दर रविवारी खिंडीच्या चढाला तापायची. वर नेस्ताचं चहाचं दुकान. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. पावसातसुद्धा ती पाण्याचा जग घेऊन बाहेर यायची. इंजिन निवेपर्यंत याचा चहा आणि तव्यावरचे वेल्श केक व्हायचे.

दोस्तांनी त्याला चिडवलं, म्हणून मी गाडीची ताकद वाढवून दिली. रेडिएटरही मोठा बसवला.

महिन्याने परत आला. "जुनंच सगळं बसव बाबा."

"का रे, तापतेय का?"

"तापत नाही, तेच तर! आता नेस्ताच्या दारात थांबू कोणत्या तोंडाने?"

"चहा प्यायला थांब की, गाढवा!"

"आणि तिला संशय आला म्हणजे?"

तेवढ्यात नेस्ताचाच फोन. "काय रे, एमरिसच्या गाडीत काही बिघाड झालाय का? हल्ली थांबतच नाही."

"झालाय," म्हटलं. "करतो दुरुस्त."

तर रविवारी तुम्ही खिंडीतून जाल, तेव्हा तो दुकानापुढे बॉनेट उघडून उभा दिसेल. तेवढं एक करा, मदतीला थांबू नका.