केरात रमलेला

"चौदा आडवा. 'केरात रमलेल्याचा व्यायाम', चार अक्षरी," प्रणिता फोनवर म्हणाली. "उभ्या शब्दांवरून 'कसरत' हे उत्तर आलं. पण त्याची फोड काही जमत नाही, काका."

नरसिंहराव खूश झाले. कोडं घालणाऱ्याला याहून मोठं सुख नसतं. पुण्याच्या एका साप्ताहिकाला नवा कोडेकार हवा होता आणि तिथल्या संपादक प्रणिताने आलेल्या साठ कोड्यांतून बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांचं कोडं उचललं होतं. पान दहा वाजता छापायला जाणार होतं. हे कोडं छापलं गेलं की दर आठवड्याची जागा त्यांची. गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

त्यांनी मास्तरी सुरात समजावलं. अशा सूचनेत एका टोकाला सरळ अर्थ असतो, इथे तो व्यायाम. उरलेल्या भागात त्याच शब्दाचे तुकडे लपवलेले असतात. रमलेला म्हणजे रत. केर म्हणजे कस. दोन्ही जोडा, झाली कसरत.



"कस म्हणजे केर?"

"मग? तुम्ही सकाळी कस काढत नाही?"

"आम्ही केर काढतो, काका. कस म्हणजे सत्त्व. सोन्याचा कस. तुम्ही साफ उलटं लिहिलंय."

नरसिंहराव हसायला गेले. सोन्याचा कस त्यांनाही ठाऊक होता. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, त्यावर तर त्यांचं दुकान चालत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी थांबली आणि गाडीवरची बाई रोजच्यासारखी ओरडली, "कस! कस!"

बारा वर्षं ती हाक ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. शब्द कानडी होता. आईच्या तोंडून ऐकला म्हणून त्यांनी तो मराठी धरला होता. सगळं बेंगळुरू तोच शब्द वापरतं, तो इथल्या लोकांनी आमच्याकडून उचलला असेल, एवढाच त्यांनी त्याचा विचार केला होता.

प्रणिता समजूतदार होती. तिने दोन वाटा दाखवल्या. केर काढून तिथे सत्त्व घालायचं, म्हणजे 'सत्त्वात रमलेल्याचा व्यायाम', चोख मराठी, कुणी बोट ठेवणार नाही. नाहीतर शब्द बाहेरचा आहे हे सूचनेत सांगायचं, 'कानडी केरात' असं. नियमच आहे तो. तसाच ठेवला तर मात्र कोडं छापता येणार नाही. दहाला वीस मिनिटं आहेत.

"सरी," नरसिंहराव म्हणाले आणि गडबडीने तो कानडी होकार फिरवला, "म्हणजे... बरं. पाठवतो."

त्यांनी 'सत्त्वात' लिहिलं आणि खोडलं. सूचना निर्दोष होत होती आणि त्यांचं मन तिच्यात अजिबात नव्हतं. पत्नी कमलाबाई कचऱ्याची बादली घेऊन दाराकडे निघाल्या होत्या. त्यांना त्यांनी पडेल आवाजात सांगितलं, "अगं, कस हा कानडी शब्द आहे."

"असू दे की," त्या चपला सरकवत म्हणाल्या. "तुमच्या आई कुठे कानडी होत्या?"

आठ मिनिटं उरली. नरसिंहरावांनी 'कानडी'तला 'का' लिहिला आणि त्यांचं बोट थबकलं. सकाळी वाकून झाडणारी आई, हातातला झिजलेल्या केरसुणीचा मुडगा, आणि "नरसू, कस ओलांडू नकोस रे." त्या शब्दामागे 'कानडी' लावणं म्हणजे तिला उंबऱ्याबाहेर उभं करणं. त्यांना ते जमेना. शेवटी, व्हायचं ते होवो म्हणून, त्यांनी सूचना लिहून पाठवून दिली: 'आमच्या घरच्या केरात रमलेल्याचा व्यायाम'. खाली एक ओळ जोडली. "शब्द बाहेरचा आहे हे सांगायचं होतं. कुठला, तेही सांगितलं."

निरोप वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर आलं नाही.

दहाला पाच मिनिटं, दहाला दोन. दहा वाजले. कमलाबाई रिकामी बादली घेऊन परत आल्या आणि नवऱ्याचा चेहरा बघून तशाच आत गेल्या. गेली जागा, नरसिंहरावांनी मनाशी म्हटलं. एका शब्दापायी. हट्टी म्हातारा.

दहा वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. छापायला गेलेल्या पानाचा फोटो होता. त्यांनी चष्मा पुसून चौदा आडवा शोधला.

'आपल्या घरच्या केरात रमलेल्याचा व्यायाम'.

खाली प्रणिताने लिहिलं होतं, "एकच शब्द बदललाय, काका. चालेल ना?"

नियमाने ते साफ चुकलं होतं. 'आमच्या' म्हटलं की एकट्या नरसिंहरावांचं घर. 'आपल्या' म्हटलं की त्यात पुणंही आलं, आणि पुण्यात कुणी कस काढत नाही. आता ही फोड कुणाला लागणार नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांनी अशी एकही सूचना हातून जाऊ दिली नव्हती. चूक कळवायला त्यांनी फोन उचललासुद्धा.

मग त्यांनी दोनच अक्षरं लिहिली, आणि या वेळी ती फिरवली नाहीत.

"सरी."