पुढचे शॉकअप

येझदी मोटरसायकलचं पुढचं चाक निघालं. धर्मेंद्रने ते भिंतीला टेकवलं आणि वांग्यांचे रिकामे क्रेट सरकवून टिनाच्या शेडमध्ये बसायला जागा केली. बाजेवरून ओमप्रकाश त्याच्या हातांकडे एकटक पाहत होता.

"नीट कर बरं," ओमप्रकाश म्हणाला. "पोरगी बसनार आहे तिच्यावर."

"हो दादा."

"मी तं बसूच नाई शकत. तुही मेहेरबानी."

धर्मेंद्रने पाना उचलला. हे बोलणं तो तीसेक वर्षं ऐकत आला होता. हिवरखेडच्या बाजारात भाजी घेऊन निघताना, आणि भावाला मोरीपर्यंत उचलून नेतानाही.

"बाबा, काकाजीले काम करू द्या ना," प्रणाली म्हणाली. "काहून टोचून राहिले?"

ओमप्रकाशच्या या मुलीला रविवारी भातकुलीकडच्या मातीच्या शर्यतीत ही गाडी पळवायची होती. तिथे जुन्या गाड्यांचा वेगळा गट होता. तिने हट्टच धरला, म्हणून गाडीवरची ताडपत्री निघाली. एरवी ओमप्रकाश कोणाला हात लावू देत नसे, धर्मेंद्रला तर नाहीच.

प्रणाली पाळण्यात होती तेव्हा दोघा भावांच्या दोन येझदी होत्या, अगदी सारख्या. अकोल्याच्या शर्यतीत दोघंही उतरायचे. पहिला धर्मेंद्र यायचा, त्याच्या मागून ओमप्रकाश. हार घालायला आलेली माणसं थोरल्याला ओलांडून धाकट्याकडे जायची. मग एका शर्यतीत, मोठ्या उडीनंतर, ओमप्रकाशच्या हातातलं हँडल फिरलं आणि गाडी अंगावर आली. कंबरेखालचं सगळं गेलं. त्या सकाळी त्याच्या गाडीचे पुढचे शॉकअप, म्हणजे दणके झेलणारे तेल भरलेले दोन पाइप, धर्मेंद्रने बसवले होते.

धर्मेंद्रने स्वतःची गाडी विकून टाकली. लग्नाचं नाव काढलं नाही. आपल्या हातून नेमकं काय राहिलं, ते त्याला कधी कळलं नव्हतं. आज शॉकअपचे पाइप उघडले की कळणार होतं. तुझी चूक नव्हती, एवढं दादाने एकदा म्हणावं, दुसरं त्याला काही नको होतं.

त्याने डाव्या पाइपचा खालचा स्क्रू सोडला. काळं, दाट तेल सावकाश डब्यात उतरलं.

मग उजव्याचा सोडला. काहीच आलं नाही.

त्याने पाइप हलवून पाहिला, आत तार घातली. तार कोरडी निघाली. ऑइलसील शाबूत होतं, बाहेर कुठे ओघळ नव्हता.

"गळून गेलं असन," प्रणाली म्हणाली.

"नाई. यात तेल नव्हतंच."

"एका पाइपात तेल नसलं तं काय होते, काकाजी?"

"उडी मारली का एक बाजू धाडकन बसते. हँडल हातात राहत नाई."

बाजेवरून कोरडं हसणं आलं. "आता समजलं? बोल आता, कोनाची चूक?"

धर्मेंद्र हातातल्या स्क्रूकडे पाहत होता. आट्यांवर पांढरा दोरा गुंडाळलेला होता, तेलकट हातांनी काळा पडलेला. धर्मेंद्र स्वतः नेहमी वॉशर लावायचा. वॉशर शोधायचा कंटाळा करून दोरा गुंडाळणारा माणूस घरात एकच होता.

प्रणालीने स्क्रू हातात घेतला. पाण्याच्या मोटरला, फवारणीच्या पंपाला, नळाच्या तोटीला असा दोरा तिने लहानपणापासून पाहिला होता.

"बाबा, हा तं तुमचा दोरा आहे."

ओमप्रकाश बाजेची कड धरून स्क्रू पाहायला पुढे झुकला.

"म्हंजे तुमीच उघडलं, अन् तेल भराचं राहून गेलं. अन् आजवर काकाजीच्या नावानं बोटं मोडून राहिले."

"खोटं आहे," ओमप्रकाश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "माह्या गाडीचे शॉकअप मी कधी उघडलेच नाई. याच्या हाती होतं सगळं. विचार याले."

धर्मेंद्रने चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"खरं बोलून राहिले ते," तो प्रणालीला म्हणाला. "आपल्या गाडीचे दादानं कधीच नाई उघडले."

"पाह्य," ओमप्रकाश म्हणाला.

"हे शॉकअप माह्या गाडीचे आहेत, दादा. तुह्यावाल्याचं सील गळत होतं, म्हनून त्या सकाळी मी माहेवाले काढून तुले लावून देले."