वेदना उणे ऐंशी

आईला जाऊन आठवडा झाला, तेव्हा मृदुला तिचं सामान न्यायला वॉर्डात आली. शेजारच्या खाटेवरचे दिगंबरकाका, रुग्णांना कळा विसरायला दिलेल्या आभासी गेममधले आईचे जोडीदार.

"काका, त्या दिवशी आईनं शिरस्त्राण घातलं होतं ना?"

गेममधल्या त्या शिरस्त्राणावर दोन आकडे होते: वेदना उणे ऐंशी, स्मरण उणे साठ. खेळताना कपाळावर बांधलेली पट्टी ते दोन्ही परिणाम खऱ्या मेंदूत उतरवायची: कळा कमी, ओळखीही पुसट. मृदुला भेटायला आली की आई हट्टानं शिरस्त्राण काढून ठेवायची आणि तासभर दात आवळून, तिला नावानं हाका मारत गप्पा मारायची. शेवटच्या दिवशी मृदुला वाटेत अडकली. आपली वाट बघत, कळा सोसत आई गेली, असंच ती धरून चालली होती.

"घातलं होतं की! मलाच म्हणाली, 'तुम्ही कोण हो? बाजूला सरका, मला तो राक्षस मारायचाय.' वर्षभराचा जोडीदार मी!"

"माझं नाव घेतलं?"

काका चाचरले. "खरं सांगू? नाही गं. एकदाही नाही."

मृदुला खाटेच्या कडेवर बसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले.

"बरं झालं, काका," ती म्हणाली. "फार बरं झालं."