झेंड्यांची शर्यत

आवडी शेवटचा झेंडा उपटून उभी राहिली आणि तेवढ्यात सरपंच मालोजी बांधावरून येताना दिसला. त्याच्या मागं पांढऱ्या बुटांतला एक मुंबईचा साहेब होता, चिखल चुकवत चाललेला.

"अगं ए, काय चालवलंय तुमी?" मालोजी लांबूनच म्हणाला. "खेळाचे झेंडे हायत ते."

"आमच्या भातात कसला खेळ?" आवडी म्हणाली. हातातला लाल-पांढरा झेंडा तिनं सोडला नाही.

नदीपल्याडच्या वाडीत दोन वर्षांमागं असेच झेंडे आले होते. झेंड्यांच्या जागी दगड आले, दगडांमागून तारेचं कुंपण, आणि आता तिथं कारखान्याची चिमणी उभी होती. वाडीतली माणसं कुठं पांगली ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणूनच सकाळी बांधावरच्या जाखमातेपाशी झेंडा दिसला तशी आवडीनं बाया गोळा केल्या. तिची सासू ठकूबाई सगळ्यांच्या पुढं होती.

साहेब चिडला नाही. त्यानं खिशातून होकायंत्र काढलं आणि ठकूबाईच्या तळहातावर ठेवलं.

"मावशी, ही सुई कायम उत्तरेला तोंड करते. सुई आणि नकाशा, एवढ्यावर रानातले झेंडे शोधत पळायचं. आमच्या क्लबची शर्यत आहे, रविवारी. दिवाळीनंतर कर्जतला आहे, माघात नेरळच्या डोंगरात. पुढच्या खेपेला तुमच्या गावचे गडीही घेऊ. चांगले पळाले तर जिल्ह्याच्या संघात जातील, नोकरीलाही उपयोग होतो."

"आनि झेंडा जागेवर नसला तर?" ठकूबाईनं हळूच विचारलं.

"मग गडी रानात भटकत बसतो. म्हणून तर पुढच्या शर्यतींसाठी त्याच जागी पक्के दगड पुरायचेत. गावानं हो म्हटलं तर."

"दगड नाय पुरू देनार," आवडी म्हणाली. "पुराल तितके उपटू."

"तोंड आवर गं," मालोजी म्हणाला. "ठकूबाय, सुनेला जरा समजाव."

ठकूबाई सुईकडं बघत होती. सुई थरथरली आणि थांबली. "आदी गावाला शर्यत तर बगू दे," ती म्हणाली. "मंग दगडांचं बोलू. झेंडे माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमी उपटलेत, मीच बगते त्यांचं."

"रविवारी उजाडायच्या आत लागले पायजेत. भोकं हायतच जागच्या जागी."

"देवीला पानी घालाया पहाटं जातेच हाय मी."

मालोजी हसला. म्हातारीचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. जाखमातेवर पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाण्याचा घोट घेत नसे. त्यात नवरात्र चालू होतं, पायात वहाण नव्हती आणि पोटात अन्न नव्हतं.

घरी आल्यावर आवडी धुमसत राहिली.

"एवड्या लवकर नमलात, आत्याबाय? गोड बोलला म्हनून?"

"गोड बोलनाऱ्याशी गोडच बोलावं."

"आनि जमीन गेली म्हंजी?"

"चुलीकडं बग. भाकर करपतीया."

त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलल्या. रविवारी पहाटे ठकूबाई तांब्या घेऊन निघाली. तिनं सुनेला हाक मारली नाही. आवडी जागी होती, पण कूस बदलून पडून राहिली. ज्या हातांनी उपटले त्याच हातांनी रोवायचे, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं.

उजाडल्यावर टेंपोतून मुंबईचे गडी आले. सगळे पांढऱ्या बुटांत, गळ्यात होकायंत्रं. मालोजीनं गावाला मारुतीच्या देवळापुढं बसवलं. शेतात कुणी फिरकायचं नाही, खेळ बिघडतो, असा त्यानं दम भरला. मग तो ठकूबाईजवळ आला.

"झालं का?"

"देवीला पानी घालून आले."

शिट्टी वाजली. गडी पळत आमराईआड दिसेनासे झाले. ऊन चढलं तसे एकेक करून परतले, धापा टाकत, हसत. ठकूबाई रीतीप्रमाणं पाण्याची बादली घेऊन पुढं गेली.

"पायांवर पानी घ्या, बाबांनो."

"नको मावशी, पाय स्वच्छ आहेत."

तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं आणि बादली खाली ठेवली. "जाखमातेपाशीचा झेंडा गावला?"

"गावला की. हात लावूनच आलो."

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

साहेबानं पहिल्या गड्याच्या हातात कप दिला. टाळ्या पडल्या. "सगळे झेंडे सगळ्यांना सापडले," तो म्हणाला, "अगदी नकाशातल्या जागी. त्याबद्दल या मावशींचे आभार. आता फक्त दगडांना गावाची संमती हवी."

"हात वर करा," मालोजी म्हणाला.

बाप्यांचे हात वर झाले. आवडीनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि बायांकडं डोळे वटारून बघितलं. मग तिला दिसलं, सासूचाही हात वर होता.

"आत्याबाय!"

"बोलायचं हाय, म्हनून केलाय वर." ठकूबाई उठून उभी राहिली. "आवडे, देव्हाऱ्याखालची टोपली आन. झाकलेलीच आन."

"मी नाय आननार. वाटा तुमचा परसाद तुमीच."

"आन म्हनते ना, बाय."

आवडी पाय आपटत गेली. लुगड्याच्या फडक्यानं झाकलेली टोपली तिनं उचलली तेव्हा आत काहीतरी खुडखुडलं. फोडलेल्या नारळाच्या वाट्या असाव्यात. परत येऊन तिनं ती साहेबाच्या पांढऱ्या बुटांपुढं आदळली.

"आता गावाला इचारा," ठकूबाई म्हणाली आणि तिनं फडकं ओढलं.

टोपलीत त्या दिवशी उपटलेले सगळेच्या सगळे झेंडे होते, काठ्यांना बांधावरचा चिखल तसाच वाळलेला.