हात दे बघू

बूड्रोने हात दिला आणि वेन पोलाचेकला कळलं, पोरगा आज खेळण्याच्या लायकीचा नाही.

वरून काही दिसत नव्हतं. टायरेल बूड्रो रोजच्यासारखाच दात काढत बेसबॉल संघाच्या खोलीत शिरला होता. पण संघाचा मॅनेजर वेन, कोण खेळणार ते ठरवणारा, रोज त्या दारात उभा राहून सव्वीसच्या सव्वीस पोरांशी हात मिळवायचा, तो काही शिष्टाचार म्हणून नाही. कोण रात्रभर पिऊन आलाय, कोणाचं घरी बिनसलंय, कोण घाबरलाय, सगळं त्याला पंजावरून कळायचं. आज बूड्रोच्या करंगळीने त्याचा हात धरलाच नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे नाटकं नकोत."

बूड्रोचं हसू मावळलं. तो डावखुरा, बॅटची मूठ नेमकी उजव्या तळव्यात बसते. "गुरुवारी मूठ तळव्यात रुतली. पण एक्स-रेत काही नाही आलं, बॉस! एकोणचाळीस होमरन झालेत माझे, एकोणचाळीस चेंडू मैदानाबाहेर. चाळिसाला एकच हवाय. हंगामाची शेवटची मॅच आहे. तुझ्या पाया पडतो, आज बाकावर बसवू नकोस मला."

वेनने स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. त्याची स्वतःची करंगळी छत्तीस वर्षांपूर्वी अशाच एका शेवटच्या मॅचला गेली होती. ती अजून मिटत नाही.

बाराच्या सुमारास जनरल मॅनेजर ब्रेंट ऑल्डरिज वरच्या मजल्यावरून खाली आला. वेनच्या खोलीच्या दारावर जुन्या मॅनेजरच्या पाटीची चार भोकं तशीच होती आणि त्यांच्याखाली चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं, 'पोलाचेक'. ही पट्टी जूनमधली. तेव्हा संघ पार तळाला होता आणि वेनला हंगामी मॅनेजर म्हणून उभा केला होता. त्यानंतर एक्क्याण्णवपैकी चोपन्न मॅच जिंकल्या. एवढ्यात कुणीही पाटी ठोकली असती. यांना अजून स्क्रू सापडत नव्हते.

ऑल्डरिजने एक छापील कार्ड टेबलावर ठेवलं. आजच्या नऊ खेळाडूंची यादी. चौथं नाव बूड्रो.

"उद्या दहाला पत्रकारांना बोलावलंय. नाव तुमचंच जाहीर करणार. तीन वर्षांसाठी. फक्त आज ही यादी जाऊ द्या. मालक स्वतः आलेत. चाळिसाव्या होमरनसाठी अख्खं स्टेडियम भरलंय."

"त्याचा हात गेलाय."

"रिपोर्ट साफ आहे. तुम्ही काय हात मिळवून एक्स-रे काढता?"

"हो."

ऑल्डरिज हसला नाही. "हीच तर तुमच्याबद्दल वरची तक्रार आहे, वेन. सगळं अंदाजाने. अहो, चार वेळा बॅट फिरवायची आहे त्याला, बास. आणि तुम्ही एकतीस वर्षं या खुर्चीची वाट बघताय."

खोटं नव्हतं. वेन चौथ्यांदा हंगामी होता. तीनदा पाठ थोपटून घरी पाठवलं होतं. बायकोने, मार्जीने, उद्यासाठी त्याचा निळा सूट सकाळीच बाहेर काढून ठेवला होता. खुर्ची त्याला हवी होती. इतकी हवी होती की त्याची त्यालाच लाज वाटली.

एकला दहा कमी असताना तो मैदानात निघाला. होम प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागेवर, पंच आणि समोरच्या संघाचा मॅनेजर उभे होते. तिथे कार्डांची अदलाबदल होते. पंचाने कार्ड घेतलं की यादी पक्की, मग देव आला तरी ती फिरत नाही. वेनच्या डाव्या खिशात छापील कार्ड होतं. उजव्या खिशात त्याच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरातलं.

मागे डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकापाशी, फोन खणाणू लागला; वरून ऑल्डरिजच असणार. वाजू दे लेकाचा, वेन मनात म्हणाला आणि त्याने उजवा हात खिशात घातला.

पंचाने यादीवर नजर टाकली. "बूड्रो नाही? अरे, आज लोक मला फाडून खातील."

"तुला कशाला? मला खातील."

आणि खाल्लंच. फलकावर नावं झळकली तसा चाळीस हजार लोकांनी एकच गलका केला. डगआउटमध्ये बूड्रोने पाण्याचं पिंप लाथेने उडवलं. "म्हाताऱ्या, मरेपर्यंत माफ करणार नाही तुला!"

"नको करूस. पुढच्या वर्षी पन्नास मार आणि मग शिव्या घाल."

तेवढ्यात ऑल्डरिज जिने उतरत आला, टाय खांद्यावर, चेहरा पांढराफटक. "काय केलंत हे? संपलं सगळं! ती खुर्ची आता विसरा! वर मालकांना मी काय सांगू? मी त्यांना शब्द दिला होता, मी!" बोलताना तो सारखा वरच्या काचेच्या खोलीकडे बघत होता.

वेन बाकावरून उठला. उद्याचा निळा सूट एकदा डोळ्यांसमोर आला आणि गेला. छाती मात्र कितीतरी महिन्यांनी मोकळी वाटत होती.

"हात दे बघू."

"काय?"

"हात दे म्हणतो ना."

ऑल्डरिजने हात पुढे केला. वेनने तो आपल्या वाकड्या पंजात धरला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. हात गार होता, घामाने ओला होता.

"घरी जा, पोरा," वेन म्हणाला. "आज तुलाही बसवलं असतं मी."