उकंड्याचं घर

घाटंजीच्या डॉक्टरने अंडं, दूध आणि मुगाचं वरण सांगितलं होतं. दर पंधरवड्याला तापणाऱ्या तीन वर्षांच्या पोराने ते सगळं आईच्या, म्हणजे पंचफुलाच्या, लुगड्यावर थुंकून दाखवलं. शेवटी तिने सासूच्या वेळचा उपाय केला. पोराला उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या रुखमाबाईने आपलं म्हणून उचलून नेलं, आणि दुखण्याला पत्ता लागू नये म्हणून त्याचं नाव उकंडा ठेवलं. दोन महिने पंचफुलाने त्याला आपलं म्हणायचं नाही, असा नेम होता.

उकंडा रुखमाबाईला माय म्हणू लागला आणि तिच्याकडे वाटी चाटूनपुसून जेवू लागला. वरण मात्र पंचफुलाच शिजवून कुडावरून द्यायची.

नेम संपायच्या आतच रुखमाबाई त्याला कडेवर घेऊन दारात आली. "घे वं बाई, तुयं पोरगं वापस! आठ दिवसांपासून मायाच लुगड्यावर थुकून राह्यलं. घरचं म्हटलं का याले चालतच नाही."

पंचफुलाने थकून त्याच्यापुढे सकाळचं गार वरण ठेवलं. उकंड्याने वाटी साफ केली आणि पाहुण्यासारखं लाजत पुढे धरली.


"मावशी, अजून दे ना वं."